ओल्या चुन्याची घाई

आजीचं चुनाळं कुणी उघडं टाकलं की घरात रामायण व्हायचं. अंगठ्याएवढी पितळेची डबी, साखळीने अडकवलेलं झाकण. "झाक आधी ते, दगड होईल त्याचा," ती स्वयंपाकघरातून ओरडायची. मला वाटायचं, म्हातारी उगाच काहीतरी बोलते. चुना तर लोण्यासारखा मऊ, त्याचा दगड कसला होतोय! पण व्हायचा. आधी वर पापुद्रा धरायचा, मग कडेकडेने आवळत यायचा आणि आठ-पंधरा दिवसांत आत नुसता खडा. एकदा तसा झाला की पाणी ओता नाहीतर बोटाने घोळा, काही उपयोग नाही. खरवडून नवा भरायचा.

हे चुनाळं मला आठवलं ते इटलीत, पादुआ गावातल्या एका काचेच्या खोलीत. व्हेनिसहून रेल्वेने अर्धा तास गेलं की पादुआ. तिथलं स्क्रोवेन्यी चॅपल, म्हणजे स्क्रोवेन्यी घराण्याचं प्रार्थनामंदिर, बाहेरून एखाद्या जुन्या गोदामासारखं दिसतं. साध्या विटांची भिंत, एकाच अंगाला सहा उंच खिडक्या. मी आईला सांगून ठेवलं होतं की आतली जोत्तो नावाच्या चित्रकाराची सातशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं बघायला लोक जगभरातून येतात. तिने इमारतीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही.

आत थेट जाता येत नाही. पंचवीस जणांच्या टोळीला आधी त्या काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात. कपड्यांवरची धूळ, अंगाची वाफ, श्वासाची ओल निवू द्यायची, मग दार उघडायचं. आतही पंधराच मिनिटं. "सोवळ्यात घेतात म्हणजे," आई म्हणाली. तसंच होतं ते. विटाळ मात्र आपल्या श्वासाचा. माणसांच्या श्वासातली ओल आणि शहराच्या हवेतलं गंधक एकत्र आलं की भिंतीवरच्या चुन्याचा जिप्सम होत जातो, आणि जिप्सम झालेला थर रंगासकट सुटतो. २००१-०२ मध्ये इथे मोठी डागडुजी झाली, तेव्हा हीच भीती होती.

खोलीत पडद्यावर माहितीपट चालू होता. त्यातला चुना बघितला आणि मी चुनाळ्यापाशी पोहोचलो.

ओल्या गिलाव्यावर रंगवलेल्या अशा भित्तिचित्राला फ्रेस्को म्हणतात. फ्रेस्को म्हणजे ताजं. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्याच्यावर पाणी घातलं की तो उकळतो, फुटतो, विरतो आणि मऊ लोण्यासारखा होतो. हा विरलेला चुना वाळूत मिसळून गिलावा करायचा आणि भिंतीवर ओढायचा. हवा लागली की चुना हवेतला कर्ब वायू शोषतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे जिथून निघाला तिथेच परत जातो. आजीच्या डबीत होत होतं ते हेच. आता गिलावा ओला आहे तोवर त्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावला, डिंक नाही, सरस नाही, तर चुना आवळताना त्या रंगाला आपल्या पोटात घेतो. वर दगडाची पातळ साय धरते आणि रंग तिच्यात अडकतो. तो भिंतीवर नसतो, भिंतीचाच झालेला असतो.

अट एकच. हे सगळं गिलावा ओला आहे तोवर, म्हणजे काही तासांत व्हायला हवं. म्हणून चित्रकार सकाळी आज जेवढं होईल तेवढ्याच भागावर शेवटचा पातळ गिलावा ओढून घेई. आभाळ किंवा डोंगर असेल तर हात-दोन हातांचा मोठा तुकडा. चेहरा असेल तर कधी कधी दिवसभरात तेवढा एकच चेहरा. इटालियन भाषेत या तुकड्याला जॉर्नाता म्हणतात, एका दिवसाचं काम. आपल्या गवंड्यांच्या तोंडी 'रोजी' आहे, त्याच अंगाचा शब्द. संध्याकाळी राहिलेला कोरा गिलावा कडेने कापून टाकायचा आणि उद्या त्या कडेला नवा जोडायचा. नव्या दिवसाची कड जुन्या दिवसावर किंचित चढते. उजेड तिरपा पडला की या कडा दिसतात आणि आधी काय काढलं, नंतर काय, हे सातशे वर्षांनीही सांगता येतं. काम वरून खाली येतं, म्हणजे ओघळ पूर्ण झालेल्या चित्रावर पडत नाहीत. चूक झाली तर खोडता येत नाही. गिलावा खरवडून तो दिवस पुन्हा पहिल्यापासून करायचा.

दार उघडलं.

आधी दिसतो तो निळा. सुमारे एकवीस मीटर लांब, साडेआठ मीटर रुंद अशी एकच खोली आणि वर निळ्या आभाळाची कमान, त्यात सोनेरी चांदण्या. खाली तिन्ही बाजूंना चित्रांच्या ओळी, एकावर एक तीन. चौथी भिंत, दाराच्या वरची, अखंड शेवटच्या न्यायाची, म्हणजे जगाच्या अंती पाप-पुण्याचा निवाडा होतो त्या प्रसंगाची. मी मान वर करून चांदण्या बघत राहिलो आणि आई तेवढ्यात उजव्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यापाशी पोहोचलीसुद्धा. पोथी जिथून सुरू होते तिथून ती वाचायला लागली होती.

सुरुवात येशूपासून होत नाही, त्याच्या आज्यापासून होते. योवाखीम आणि आना, म्हणजे येशूची आई मरीया हिचे आईबाप, म्हातारपणापर्यंत पोटी मूल नाही. ही कथा बायबलात नाही. ती बाहेरच्या जुन्या ग्रंथांतली, मध्ययुगात तोंडोतोंडी घोळलेली. पहिल्या चित्रात योवाखीम अर्पण करायला कोकरू घेऊन देवळात आलाय आणि पुजारी त्याला ढकलून बाहेर काढतोय, निपुत्रिकाचा नैवेद्य चालत नाही म्हणून. दुसऱ्या चित्रात तो डोंगरात आपल्या धनगरांकडे आलाय. मान खाली, दोन्ही हात झग्यात लपेटलेले. समोर दोन धनगर उभे आहेत. ते त्याच्याकडे बघत नाहीत. एक दुसऱ्याच्या तोंडाकडे तिरक्या नजरेने बघतोय, मालकाचं काय बिनसलंय, बोलावं की नको. आणि त्यांच्या मधून एक छोटं पांढरं कुत्रं धावत येऊन मालकाच्या अंगावर उडी घेतंय.

"त्या कुत्र्याला काय माहीत याला देवळातून हाकललंय," आई म्हणाली.

मी त्या चित्राबद्दल बरंच वाचून गेलो होतो. जोत्तोने माणसांना वजन दिलं, त्यांचे पाय जमिनीवर टेकवले, चेहऱ्यांना एकमेकांकडे बघायला लावलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरं आहे. त्याच्या आधीच्या चित्रांत संत सोन्याच्या पत्र्यासमोर उभे असत आणि बघत असत ते आपल्याकडे. पण आईच्या एका वाक्यात ते जास्त चांगलं आलं. माझ्या एका मावशीला मूल नव्हतं. तिला ओटी भरायला कुणी बोलावत नसे. ती आमच्याकडे आली की आमचा मोती असाच उड्या मारायचा. आईच्या मनात तेच असेल असं नाही. मी विचारलं नाही.

पुढच्या एका चित्रात आनाला देवदूत निरोप सांगतोय, तुला मूल होणार म्हणून. खोली एखाद्या बाहुलीघरासारखी, समोरची भिंत काढून आतलं दाखवलेलं. देवदूत खिडकीतून अर्धा आत शिरलेला. आणि बाहेर, जिन्याखाली, एक मोलकरीण सूत काततेय. हात कामात, पण कान भिंतीकडे. अख्ख्या खोलीत मला सगळ्यात जिवंत वाटलेली बाई कोणती विचाराल तर हीच. तिचं नाव कुठल्या ग्रंथात नाही, जोत्तोला तिची गरजही नव्हती. पण घरात गुपित निघालं आणि कामवालीने ऐकलं नाही, असं कुठे होतं का!

पाच मिनिटं गेली असावीत. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

मधल्या ओळीत तीन राजे बाळाच्या पाया पडतायत. या चित्राच्या वर, गोठ्याच्या छपरावर, एक तारा आहे. तारा नव्हेच तो. तांबूस केशरी, मागे लांब शेपूट ओढत चाललेला धूमकेतू. १३०१ मध्ये हॅलेचा धूमकेतू दिसला होता आणि जोत्तोने तोच बघून इथे उतरवला असं मानतात. म्हणूनच युरोपच्या अवकाश संस्थेने हॅलेकडे यान पाठवलं तेव्हा त्याचं नाव जोत्तो ठेवलं. मार्च १९८६ मध्ये ते धूमकेतूपासून जेमतेम सहाशे किलोमीटरवरून गेलं. त्याच दिवसांत बाबांनी मला पहाटे उठवून गच्चीवर नेलं होतं. बराच वेळ बोट दाखवत होते. मला काहीही दिसलं नाही, पण "दिसला, दिसला" म्हणालो, कारण थंडी वाजत होती आणि झोप येत होती. पादुआत तो चाळीस वर्षांनी दिसला.

पण आईचं लक्ष धूमकेतूकडे नव्हतं. "हिचा शालू कुठे गेला?" तिने विचारलं.

मरीया बसली होती, मांडीवर बाळ. चेहरा शाबूत, लाल अंगरखा शाबूत, बाळाची वस्त्रं शाबूत. तिच्या अंगावरून गुडघ्यांपर्यंत जो झगा यायला हवा तो मात्र जवळजवळ नाही. खालचा फिकट रंग उघडा पडलाय आणि निळा कुठे कुठे चुकार ठिपक्यांसारखा उरलाय. जरा फिरून बघितलं तर आणखी काही चित्रांतही तिचंच वस्त्र उडालेलं.

कारण पुन्हा चुनाच. ओला चुना फार तिखट असतो, पान खाताना जास्त लागला तर जीभ सोलते हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्यात टिकतात ते मातीचे रंग: गेरू, पिवडी, हिरवी माती, कोळशाचा काळा, चुन्याचाच पांढरा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या देवळांवर ओल्या चुन्यात काव भरून, कोरून केलेलं कावी काम असतं, त्यातली काव याच जातीची. निळ्याचं तसं नाही. मध्ययुगातला भिंतीवरचा निळा म्हणजे बहुधा अझुराइट, तांब्याच्या खनिजाची भुकटी. ती ओल्या चुन्यात घालायची सोय नाही. म्हणून भिंत वाळल्यावर सरसात किंवा अंड्यात कालवून वरून लावायची. म्हणजे चिकटवायची. मातीचे रंग भिंतीचेच झाले आणि हा पाहुणा राहिला. ओल आली, सरस सुटला, पाहुणा निघून गेला.

आणि निळाच तर महागडा. त्या काळी करारात निळा कोणत्या प्रतीचा हवा हे वेगळं लिहून घेत. मरीयेला तो द्यायचा तो किमती म्हणूनच. धनगरांना, मोलकरणीला, सैनिकांना दिली स्वस्तातली माती. आज त्या भिंतीवर मोलकरणीचं लुगडं धड आहे आणि स्वर्गाच्या राणीचा शालू गेलाय. जोत्तोला हे ठाऊक नसणं शक्य नाही. त्याच्या परंपरेतला चेन्नीनो चेन्नीनी नावाचा चित्रकार (जोत्तोच्या शिष्याच्या मुलाचा शिष्य) १४०० च्या आसपास चित्रकलेचं हस्तपुस्तक लिहून ठेवून गेला. त्यात कुठले रंग ओल्यात चालतात, कुठले वाळल्यावरच लावायचे, हे एकेक करून सांगितलंय. लाकडी फळ्यांवर चित्र काढताना तरुण चेहऱ्यांसाठी शहरातल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक घ्या, तो फिका असतो. म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यांना खेड्यातल्या कोंबडीचा लालसर बलक चांगला, इतक्या बारकाव्याने लिहिणारा माणूस. अशा लोकांना निळ्याचं भविष्य कळत नव्हतं असं नाही. तरीही त्यांनी तो लावला. गिऱ्हाइकाला हवा होता, मरीयेला शोभत होता.

गिऱ्हाईक तिथेच भिंतीवर आहे. शेवटच्या न्यायाच्या चित्रात, तरलेल्या लोकांच्या बाजूला, जांभळ्या झग्यातला एक माणूस गुडघे टेकून बसलाय आणि या चॅपलचीच छोटी प्रतिकृती मरीयेला अर्पण करतोय. ती एवढी जड की एका धर्मगुरूने खांद्यावर तोलून धरलीय. हा एन्रिको स्क्रोवेन्यी. १३०० मध्ये त्याने जुन्या रोमन आखाड्याच्या जागेवरची ही जमीन विकत घेतली, वाडा बांधला आणि वाड्याला लागून हे चॅपल. त्याचा बाप रेजिनाल्दो नामांकित सावकार. इतका नामांकित की इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याला नरकात बसवलाय. तापलेल्या वाळूत सावकार बसलेत, गळ्यात पैशाच्या पिशव्या, आणि एका पांढऱ्या पिशवीवर निळी गाभण डुकरीण. ते स्क्रोवेन्यी घराण्याचं चिन्ह. नाव घ्यायची गरजच नाही. इथेही निळाच, बघा.

मी हे आईला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "करून करून भागला आणि देवपूजेला लागला."

बापाच्या व्याजाचं प्रायश्चित्त म्हणून मुलाने चॅपल बांधलं, ही गोष्ट मार्गदर्शक पुस्तकांना फार आवडते. सगळ्या इतिहासकारांना ती इतकी सरळ वाटत नाही, आणि मला त्यांचं पटतं. १३०५ च्या जानेवारीत शेजारच्या एरेमितानी मठातल्या साधूंनी तक्रार केली होती की याला छोटंसं घरगुती प्रार्थनास्थळ बांधायची परवानगी होती आणि हा तर घंटा टांगून मोठं देऊळ उभारतोय. पश्चात्तापात बुडालेला माणूस शेजाऱ्याशी घंटेवरून भांडत नाही. त्याच वर्षी २५ मार्चला चॅपलची प्रतिष्ठा झाली. पुढे एन्रिकोला गाव सोडावं लागलं आणि तो व्हेनिसमध्ये मेला. नरकाच्या बाजूला पिशव्यांच्या दोऱ्यांनी लटकवलेले सावकार जोत्तोने काढलेत. एन्रिको रोज प्रार्थनेला आला असेल तर निघताना दाराच्या वर एका बाजूला स्वतःला आणि दुसऱ्या बाजूला बापाच्या धंदेवाल्यांना बघत गेला असेल. पैसे त्याचेच.

माझा खरा वेळ मी एकाच चित्रासाठी राखून ठेवला होता. डावीकडच्या भिंतीवर, सगळ्यात खालच्या ओळीत, येशूला क्रूसावरून उतरवलंय आणि सगळे त्याच्याभोवती जमलेत. मरीयेने त्याची मान हातात घेतलीय आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून बघतेय. उघडलेत का डोळे, तेवढंच. येशूचा शिष्य योहान, त्याने दोन्ही हात मागे फेकलेत. वर आभाळात छोटे देवदूत पाकोळ्यांसारखे सैरावैरा, कुणी गाल ओरबाडतोय, कुणी हातांनी तोंड झाकलंय. उजवीकडून एक खडकाची धार तिरपी उतरत येते, थेट त्या दोन चेहऱ्यांपर्यंत, आणि धारेच्या वरच्या टोकाला एक निष्पर्ण झाड.

पण मला बघायच्या होत्या त्या दोन पाठी. चित्राच्या अगदी पुढे दोन बायका जमिनीवर बसल्यात, आपल्याकडे पाठ करून, डोक्यावरून वस्त्र घेतलेल्या. चेहरा नाही, डोळे नाहीत. नुसता कापडाचा ढिगारा. एकीने मृताचं डोकं आधाराला धरलंय. मयताच्या घरी गेलं की आधी अशाच पाठी दिसतात. दारातून आत शिरताना गोल करून बसलेल्या बायकांच्या पाठी, मग आत पाय, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, वाट काढत गेल्यावर. बाबांच्या वेळी मी मुंबईहून पोहोचलो तेव्हा तसंच झालं होतं. चेहरा न काढता दुःख दाखवायचं हे धाडस त्याच्या आधी कुणी केलं असेल-नसेल, मला त्याचं फारसं नाही. मी त्या पाठींच्या मागे उभा होतो, म्हणजे जोत्तोने आपल्यासाठी ठेवलेल्या जागेवर. मागच्या बाकीच्या तेवीस जणांनाही तीच जागा हवी होती, हा भाग वेगळा.

ओल्या चुन्यावर इतकं सावकाश दुःख काढता येतं, हे मला अजून कळत नाही. बाई रडतेय आणि गिलावा वाळतोय.

घंटा झाली. रखवालदारीण हसून दाराकडे हात करत होती. निघता निघता वर बघितलं: शेवटच्या न्यायाच्या चित्रात अगदी वरच्या दोन कोपऱ्यांत दोन देवदूत आभाळच गुंडाळतायत, सतरंजी गुंडाळावी तसं. मांडव आवरायला आलेली माणसं वाटावीत. "चला, संपलं म्हणतायत," आई म्हणाली.

शेजारीच एरेमितानीचं ते भांडखोर चर्च. ११ मार्च १९४४ ला त्याच्यावर बॉम्ब पडले आणि आतल्या एका उपमंदिरातली मान्तेन्या नावाच्या चित्रकाराची भित्तिचित्रं चक्काचूर झाली. हजारो खपल्या गोळा करून ठेवल्या आणि कित्येक दशकांनी संगणकाच्या मदतीने जागच्या जागी लावल्या. मधे मोठमोठी मोकळी भिंत, आणि तिच्यावर बेटांसारखे रंगाचे तुकडे. जोत्तोचं चॅपल हाकेच्या अंतरावर. ते वाचलं. यात चुन्याचं काही कर्तृत्व नाही.

परत आल्यावर हिवाळ्यात अजिंठ्याला गेलो. आपण सर्रास 'अजिंठ्याचे फ्रेस्को' म्हणतो, पण ते फ्रेस्को नव्हेत. तिथे माती, भाताचा तूस, गवताचे धागे यांचा लेप, वर पातळ पांढरा थर, आणि तो वाळल्यावर सरसात कालवलेले रंग. म्हणजे सगळेच रंग पाहुणे. तरी पंधराशे वर्षं राहिलेत, कारण लेणी कोरडी आणि अंधारी. नंतरच्या लेण्यांतला निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दाचा. युरोपातल्या मरीयांना सगळ्यात उंची निळा जायचा तोही त्याच डोंगरांतून. गंमत अशी की हैदराबादच्या निजाम सरकारने १९२० मध्ये अजिंठ्याच्या डागडुजीला बोलावली माणसं इटलीतूनच, लोरेंझो चेक्कोनी आणि त्याचा सहकारी. फ्रेस्कोच्या देशातले कारागीर मातीच्या भिंतीपुढे उभे राहिले. सुटणारे पापुद्रे त्यांनी चिकटवले, त्यामुळे बरंच वाचलंही. पण वरून दिलेला लाखेचा हात पुढे पिवळा पडला आणि तो काढता काढता नंतरच्या लोकांच्या नाकी नऊ आले. मी रखवालदाराच्या मंद दिव्यात एका राणीच्या खांद्यावरची पिवळट झाक बघत उभा होतो. ती लाखेची की मूळची, मला सांगता येईना.

घरी आल्यावर माळ्यावरून आजीचा पानाचा डबा काढला. अडकित्ता गंजलेला, काताची कुपी रिकामी. चुनाळ्याचं झाकण उघडेना. चाकूच्या टोकाने उचकटलं. आत पांढरा दगड, आणि त्या दगडात तिरपी, खोलगट, बोटाची ओढ. पानाला लावायला चुना घेतला की जशी पडते तशी.

आईला दाखवलं. म्हटलं, आजीचं बोट.

"तिचं कशाला? ती गेल्यावर मी नाही का दोन वर्षं पान खात होते," आई म्हणाली. मग चष्मा लावून पुन्हा बघितलं. "किंवा तिचं असेलही. आण इकडे. चिंच लावली की निघेल सगळं आणि पितळही लखलखीत होईल."

चिंचेने चुना खरंच विरघळतो. ती चिंच भिजत घालायला उठली तेवढ्यात मी झाकण दाबून बसवलं आणि डबी कपाटात, तिचा हात पोहोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवून दिली.